लेकीच्या घरची लाईट

मला ऐकू कमी येतं. आता लिहिताना हे किती सोपं वाटतंय! पण हेच चार शब्द तोंडातून काढायचे म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. चष्म्याचं बरं असतं. चष्मेवाला माणूस चारचौघांत काच पुसतो, तिच्यावर फुंकर मारतो, आणि त्यात रुबाबही दिसतो. कानात मशीन दिसली की मात्र माणूस म्हातारं तर झालंच, वर थोडं येडंही झालं, असं लोक धरूनच चालतात. बहिऱ्याची थट्टा करायला कुणाला लायसन लागत नाही.

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये माझी नोकरी झाली. आधी पॅकिंगवर, मग तिथलीच सुपरवायझर. दिवसभर त्या मशिनींची घरघर. आम्ही बायका तिथं एकमेकींशी हातवारे करून आणि ओठ वाचून बोलायचो, आणि त्याची आम्हाला भारी मजा वाटायची. मालकाच्या समोर उभं राहून त्यालाच नावं ठेवायचो, त्याला पत्ताच नाही. कान तिथंच गेले. पण ओठ वाचायची सवय लागली होती, त्यामुळे पुढं बरेच दिवस निभावलं.

बहिऱ्या माणसाचं एक शास्त्र असतं. समोरच्याच्या भुवया वर गेल्या आणि मान जरा तिरकी झाली, की समजायचं हा प्रश्न आहे. मग हसायचं आणि म्हणायचं, "हो हो, बरोबर आहे तुमचं." शंभरातल्या नव्वद जणांना तेवढंच हवं असतं. उरलेले दहा जण म्हणतात, "अहो, मी विचारलं पाणी हवंय का?" मग आपण कपाळाला हात लावून म्हणायचं, "अगं बाई, माझं लक्षच नव्हतं!" लक्ष नव्हतं म्हटलं की माफ असतं. ऐकू आलं नाही म्हटलं की संपलं.

शेवटी नवरा ओरडून ओरडून दमला आणि मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काजूएवढी दोन यंत्रं मिळाली, कानामागे बसणारी. त्यांच्याबरोबर पांढरी डबी. झोपताना यंत्रं डबीत ठेवायची, डबीची वायर भिंतीला लावायची, सकाळी भरलेली मिळतात. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणीत मोहरी तडतडली आणि मी दचकून मागं सरकले. नवरा खोखो हसला. तो सोडून कुणाला मी सांगितलं नाही. पोरीलासुद्धा नाही. ती काळजी करेल, असं मी मनाशी म्हणायचे. खोटं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

पोरगी आमची एकुलती एक. शिरपूरला दिलीय. तिथंच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. लग्नाच्या आधीपासून तिला ती नोकरी जीव की प्राण. बाळंतपण झालं, नात झाली, रजा संपत आली, आणि सासूबाईंनी घरात विषय काढला की आता नोकरी पुरे. पोरीनं मला फोन केला. दूध आणायला बाहेर पडली की ती फोन करते, आणि फोनचा आवाज मी पूर्ण वाढवलेला असतो, त्यामुळे फोनवर आमचं बरं चालतं. म्हणाली, "आई, जावळाला येशीलच ना. जेवणं झाली की त्या सगळ्यांसमोर तुला विचारणार आहेत. यांचं तिथं काही चालत नाही. तू फक्त एवढं म्हण, की पोरीनं नोकरी सोडू नये असं मला वाटतं. तुला त्या मानतात. तुझा शब्द मोडणार नाहीत."

"म्हणते की! त्यात काय!" मी म्हटलं. मिलमध्ये भल्याभल्यांना सरळ केलेली बाई मी.

फोन ठेवला आणि काळजी सुरू झाली ती वेगळीच. मुक्काम करायचा म्हणजे डबी लावायची कुठं? विहीणबाईंच्या घरी एक बोर्ड दिवाणखान्यात टीव्हीच्या डोक्यावर आणि दुसरा स्वयंपाकघरात मिक्सरपाशी. दोन्ही रस्त्यावर असल्यासारखे. तिथं पांढरी डबी लावली की आल्या-गेल्याचं एकच, "हे काय वं?" यंत्रं तर पदरानं झाकली जातात. व्याह्यांकडे डोक्यावर पदर घ्यायचाच असतो, त्यामुळे कानांची सोय आपोआप झाली होती. पण डबीला कुठून पदर आणायचा?

म्हणून मी ठरवलं, आपली लाईट आपण न्यायची.

बाजारात जाऊन एकेक वस्तू जमवली. घरातल्या चार्जरचं डोकं विटेएवढं, ते बाद. दोन भोकांचं लहान डोकं घेतलं, मुठीत मावणारं. वायर वीतभरच घेतली, लांब वायर पिशवीत सापासारखी वेटोळं घालून बसते आणि नेमकी नको तेव्हा बाहेर येते. माझ्या फोनला जुनी बारीक पिन, डबीला नवी सी पिन, म्हणून एकाच वायरीला लावायचं छोटं टोपण घेतलं. बारीक पिनवर बसवलं की सी पिन तयार. ते हरवू नये म्हणून दोऱ्यानं वायरीलाच बांधून टाकलं. वायर गुंडाळायला दुधाच्या पिशवीचा रबर. आणि हे सगळं ठेवायला सोनाराच्या दुकानातून मिळालेलं चेनचं मखमली पाकीट. पोरीच्या लग्नात त्यात तिच्या बांगड्या आल्या होत्या.

राहिली पॉवर बँक. ती साबणाच्या वडीएवढी, अंगावर चार निळे दिवे. दुकानदारानं एक भारी दाखवली, एक हलकी. मी हलकीवर बोट ठेवलं.

"काय काय लावणार काकू?" त्यानं विचारलं.

आता इथं तोंड उघडायचं ना! "कानाची मशीन," एवढंच म्हणायचं होतं. शेजारी दोन कॉलेजच्या पोरी फोनचं कव्हर बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "मोबाईल. दुसरं काय लावणार?"

"मग बिनधास्त न्या," तो म्हणाला.

घरी येऊन फोन लावून बघितला. झकास भरला. मोठं भांडं भरतं त्या नळाखाली वाटी भरणार नाही का, असा माझा हिशोब. डबी लावून बघायचं डोक्यात आलंच नाही. नवरा पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून म्हणाला, "एका मुक्कामासाठी अख्खं सबस्टेशन घेऊन चाललीस." मी त्याच्या हातातून ओढून घेतलं. खरं सांगते, मला त्या पाकिटाचा गर्व झाला होता. आदल्या रात्री मी डबी भिंतीला लावलीसुद्धा नाही. म्हटलं, उद्यापासून सगळं पाकिटावर.

सकाळच्या धुळे गाडीत बसले. खिडक्यांचा खडखडाट कानात नको म्हणून यंत्रं काढून डबीत ठेवली, डबीला वायर, वायर पॉवर बँकेला. चारही दिवे लागले. चेन ओढली आणि पाकीट मांडीवर घेऊन बसले. एरंडोल गेल्यावर चेन उघडून बघितलं तर दिवे विझलेले. भरलीसुद्धा! इतकी लवकर! धुळ्याला उतरून यंत्रं कानात घातली तर शिरपूरच्या गाडीचा पुकारा चक्क ऐकू आला. आदल्या दिवसाचं काय थोडंफार शिल्लक असेल तेवढंच होतं ते, पण मला काय माहीत. मी ऐटीत गाडीत चढले.

हे नंतर जावयानं मला समजावलं. ही पॉवर बँक मोठ्या खाणाऱ्यांसाठी असते. डबीसारखं चिमणीएवढं खाणारं कुणी पंगतीला बसलं, की तिला वाटतं पंगत उठली. ती आपली आपण बंद होते. दिवे विझतात ते पोट भरलं म्हणून नाही, वाढपी निघून गेला म्हणून.

शिरपूरला पोचले तेव्हा अंगणात नातीचं जावळ चाललं होतं. आत्याच्या मांडीवर बसून नातीनं आकाश डोक्यावर घेतलं होतं. मला ते रडणं दणदणीत ऐकू येत होतं आणि मी सुखावले होते. तेवढ्यात कानात बारीक टुंई वाजलं. मग दुसऱ्या कानात. डॉक्टरनं सांगितलं होतं, हा आवाज आला की यंत्र भुकेलं समजायचं. माय वं!

हातपाय धुवायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले, पाकीट काढलं, यंत्रं डबीत घातली, वायर जोडली. दिवे लागले. हुश्श केलं. तेवढ्यात विहीणबाई चहा घेऊन दारात. मी पदर टाकून पाकीट झाकलं, पण वायरीचं टोक त्यांनी बघितलंच. त्यांचं अहिराणी बोलणं ओठांवर मला स्पष्ट दिसलं. "मोबाईल लावना शे का अक्का? बाहेर बोर्ड शे ना."

माझ्या तोंडून काय निघावं? "नको नको. आमच्यात लेकीच्या घरचं काही घेत नाहीत."

पूर्वी होती खरी ती रीत. माझी आई माझ्या घरी आली की पाण्याचा तांब्यासुद्धा बरोबर आणायची. पण ती नातवंड होईपर्यंत. आणि मी तर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून या घरात जेवून-खाऊन ढेकर देत होते. हातात त्यांचाच चहाचा कप होता. विहीणबाईंनी आधी कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मंग हाऊ चहा कोना घरना शे? आनि नात व्हयनी ना आते, आते कसाना नेम?" आणि पदर तोंडाला लावून हसत बाहेर गेल्या. मी कपासारखी तापले. चहा मात्र प्यायले, टाकणार कुठं.

पदर बाजूला केला तर दिवे विझलेले. भरली, म्हटलं. यंत्रं कानात घातली. काहीच नाही. कान नुसते गच्च. हलवून बघितलं, बटण दाबून बघितलं. ढिम्म. तरी मला शहाणपण सुचलं नाही. टीव्हीचा बोर्ड दहा पावलांवर होता. जाऊन डबी लावायची आणि सांगायचं, बस. पण नुकतंच एवढं मोठं तोंड करून बसले होते, आता कुठल्या तोंडानं जाणार? म्हटलं, आजवर निभावलं तसं आजही निभावू. ओठ तर वाचता येतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जेवणं झाली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तूप. सगळी मंडळी दिवाणखान्यात बसली. विहीणबाई, व्याही, जावई, दोन-चार शेजारच्या बायका, आणि दाराशी नातीला खांद्यावर घेऊन उभी माझी पोरगी. विहीणबाई सुपारी कातरत होत्या, मान खाली. सुपारी कातरणाऱ्या बाईचे ओठ दिसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. त्या काहीतरी बोलत होत्या. बायका मान हलवत होत्या. मला वाटलं जावळाचंच चाललंय, नातीनं किती रडून घेतलं वगैरे. मग विहीणबाईंनी मान वर केली, भुवया वर, मान तिरकी.

मी हसले. म्हटलं, "हो हो, बरोबर आहे तुमचं."

व्याही मांडीवर थाप मारून काहीतरी बोलले. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. जावयानं मान खाली घातली. आणि मी पोरीकडं पाहिलं.

तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. राग नव्हता त्यावर. आपण ज्या भिंतीला टेकून उभे आहोत तीच मागून काढून घेतली तर माणूस जसं बघेल, तशी ती माझ्याकडं बघत होती. मग नातीला घेऊन आत गेली.

मी मागोमाग गेले. ती मोरीपाशी पाठमोरी उभी होती. पाठीवरून कळत होतं की ती बोलतेय. मी खांदा धरून तिला वळवलं. तिचे ओठ थरथरत होते, त्यातून मला एकच शब्द लागला. नोकरी. आणि मग एकदम सगळं लागलं. काय विचारलं होतं, मी कशाला हो म्हटलं, कुणासमोर म्हटलं. एका शब्दासाठी पोरीनं मला जळगावहून बोलावलं होतं. मी तोच शब्द उलटा बोलून मोकळी झाले होते, आणि वर हसलेसुद्धा होते.

वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. तिथंच तिला खरं सांगून, रडून, संध्याकाळच्या गाडीनं परत जाता आलं असतं. पण हो तर चारचौघांत म्हटलं होतं. एकटीपाशी नाही म्हणून त्याचा काय उपयोग?

मी दिवाणखान्यात गेले आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. व्याह्यांसमोर, जावयासमोर. दोन्ही यंत्रं काढून तळहातावर धरली. "मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "ही मशीन आहे, तिची बॅटरी संपली. तुम्ही मघाशी काय विचारलं ते मला ऐकूच आलं नाही. मी उगीच हो म्हटलं. मी नेहमीच तसं म्हणते." माझा आवाज मला कळत नव्हता. केवढ्यानं ओरडले असेन कोण जाणे, कारण समोरच्या घरातलं माणूस आपल्या दारात येऊन उभं राहिलं.

सगळे माझ्या हाताकडं बघत होते. विहीणबाई उठल्या. मला वाटलं आता काय ऐकवतात, आणि मग आठवलं की ऐकू तर येणारच नाही. त्यांनी माझ्या हातून यंत्रं घेतली, आतून डबी, वायर, चार्जरचं डोकं असं सगळं आणलं, टीव्हीची पिन उपटली आणि तिथं डबी लावून दिली. मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. मग त्याही समोर बसल्या. कुणीही उठलं नाही. डबीवरचा हिरवा ठिपका उघडझाप करत होता, आणि मी उघड्या डोक्यानं, उघड्या कानांनी त्या सगळ्यांच्या मध्ये बसले होते. शेजारच्या दोघी एकमेकींच्या कानाला लागल्या. एकीला हसू आवरेना. माझ्यावरच हसत होती, दुसऱ्या कुणावर हसणार? इतकी वर्षं मी ज्याला भीत होते ते हेच. भीत होते तेवढंच वाईट होतं, कमी नाही.

पोरगी आतून येऊन दाराशी उभी राहिली होती. माझ्याकडं बघत नव्हती.

बऱ्याच वेळानं विहीणबाईंनी यंत्रं काढून माझ्या हातात दिली. मी घातली. पंख्याची करकर आली, मागं कुकरची शिट्टी आली, सुपारीवर अडकित्त्याचा कटकन आवाज आला.

"आते ऐकू येस?" विहीणबाईंनी विचारलं.

"येतं."

"लगीन ठरनं तवय तरी ऐकीसन व्हय बोलनात ना?"

सगळे हसले. मीही हसले, डोळे पुसत. मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "पोरगीनी आते नवकरी सोडी देवाले पाहिजे, असं मी बोलनू. तुमनं काय म्हननं शे?"

"नाही," मी म्हटलं. "तिनं नोकरी सोडू नये. मी हेच सांगायला आले होते."

विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्या पोरीकडं पाहिलं. "तूच सांग मंग. तुनं काय म्हननं शे?"

पोरीचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही.

गेली पुन्हा, असं वाटून माझा हात कानाकडं गेला. पण पंखा करकरत होता. व्याही खाकरले ते ऐकू आलं. तिच्या खांद्यावर झोपलेल्या नातीचा घोरण्यासारखा बारीक श्वाससुद्धा मला ऐकू येत होता. मी विहीणबाईंकडं पाहिलं. त्याही पुढं वाकल्या होत्या. "काय बोलनी?" म्हणाल्या. त्यांचे कान तर खणखणीत आहेत.

मशीन नीट चालू होती. माझी पोरगीच तेवढ्या आवाजात बोलली होती. या घरात ती तेवढ्याच आवाजात बोलते. फोनवर गाडीघोड्यांच्या वरताण बोलणारी माझी पोर. लग्नापासून मी इथं येत-जात होते, जेवत होते, हो हो बरोबर आहे म्हणत होते आणि जळगावला परतून सगळ्यांना सांगत होते की पोरगी सुखात आहे, तिची काही तक्रारच ऐकू येत नाही.

एवढी लाज मला मघाशी, उघड्या कानांनी बसले होते तेव्हाही वाटली नव्हती.

मी उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मोठ्यानं बोल गं," मी म्हटलं. "मला ऐकू येत नाही."

तिनं माझ्या कानाकडं पाहिलं. मग सासूकडं.

"मला नोकरी सोडायची नाही," ती म्हणाली.

आता ते सगळ्यांना ऐकू आलं होतं. मलाही. मी कानामागं हात धरला आणि म्हटलं, "अजून मोठ्यानं."